पौल जिथं पोचलाच नाही, तिथं मंडळी कोणी काढली?

२०२५ मध्ये निकिया परिषदेला १७०० वर्षं झाली त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पोप लिओ तुर्कस्तानातल्या इझ्निक गावी जाऊन आले, तळ्याकाठच्या जुन्या चर्चच्या अवशेषांचे फोटो सगळीकडे फिरले. इझ्निक म्हणजेच जुनं निकिया. इथंच ३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने परिषद बोलावली आणि शेकडो बिशप जमले. बातम्यांमध्ये सम्राट, बिशप, पोप हेच होते आणि ते साहजिकही आहे. पण संडे स्कूलमध्ये भिंतीवर नकाशा लावून मी हे सांगत होते तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, पण तिथं पहिल्यांदा कोण गेलं होतं?"

सवयीने तोंडात "पौल" आलंच होतं, गावोगाव फिरून येशूबद्दल सांगणारा म्हटलं की तोच पहिला आठवतो. नकाशावर बोट ठेवलं आणि थांबले, कारण पौल तिथं गेलाच नव्हता. जायचं होतं त्याला, पण जाता आलं नाही, हे बायबलमध्येच लिहिलंय आणि मी ते कितीतरी वेळा वाचलंय, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या मुलीला द्यायचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते इथं लिहितेय. मंडळीतल्या लोकांसाठी आहेच, पण ज्यांनी बायबल कधी उघडलं नाही त्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न आहे.

आधी दोन-तीन शब्द

प्रेषित म्हणजे ज्याला अधिकार देऊन पाठवलंय तो. येशूचे बारा शिष्य आणि नंतर पौल, यांना आपण प्रेषित म्हणतो. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, येशू मेला आणि पुन्हा उठला ही बातमी. आणि मंडळी म्हणजे माणसं, इमारत नव्हे. पहिली दोनशे वर्षं चर्च म्हणून बांधलेल्या इमारती जवळपास नव्हत्याच, लोक घरात जमायचे, त्यामुळे या लेखात मंडळी म्हटलं की कोणाच्या तरी घरी जमलेली दहा-वीस-पन्नास माणसं डोळ्यासमोर आणा.

बिथुनियाचं कोडं

निकिया ज्या प्रांतात येतं त्याचं जुनं नाव बिथुनिया, काळ्या समुद्राला लागून, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेला. त्याच्या शेजारचा पंत. साधारण इ. स. ५० च्या सुमारास पौल आणि त्याचा सोबती सीला बिथुनियात शिरायचा प्रयत्न करत होते, पण "येशूच्या आत्म्याने त्यांना जाऊ दिलं नाही" एवढं एकच वाक्य प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात आहे. मग ते समुद्र ओलांडून आजच्या ग्रीसमधल्या फिलिप्पैला गेले आणि पुढची सगळी गोष्ट तिकडची आहे, बिथुनिया मागेच राहिलं.

आता साठेक वर्षं पुढे या. इ. स. ११२ च्या आसपास याच बिथुनिया-पंत प्रांताचा रोमन सुभेदार होता प्लिनी, मोठा वकील, सुशिक्षित माणूस. त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं मी करू काय. तो लिहितो की सगळ्या वयाचे, सगळ्या दर्जाचे, पुरुष आणि बायका दोन्ही यात आहेत, आणि हा संसर्ग शहरांतच राहिलेला नाही तर खेड्यापाड्यात आणि शेतमळ्यांवर पसरलाय. देवळं ओस पडली होती, बळीच्या जनावरांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं. काही जण तर चौकशीत म्हणाले की आम्ही ख्रिस्ती होतो पण केव्हाच सोडलं, त्यातल्या कोणी वीस वर्षांपूर्वी सोडलेलं. म्हणजे ९० च्या सुमारासही तिथं मंडळी होती.

प्रेषित पेत्राच्या नावाचं पहिलं पत्र याच भागातल्या लोकांना लिहिलेलं आहे, पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया, बिथुनिया अशी यादी सुरुवातीलाच येते, पण पत्र लिहिलं म्हणजे ते वाचणारी माणसं तिथं आधीपासून होती. पुढच्या काळातल्या परंपरेत अंद्रियाचं नाव या किनाऱ्याशी जोडलं जातं. ती श्रद्धा मी नाकारत नाही, पण एक प्रेषित किनाऱ्यावरून फिरून गेला म्हणून शेतमळ्यावरचा गडी ख्रिस्ती होत नाही, त्याच्यापर्यंत कोणीतरी रोजच्या ओळखीचंच पोचावं लागतं.

रोमचंही तसंच. पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं तेव्हा त्याने रोम पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी शेवटच्या अध्यायात तो पंचवीसेक माणसांना सलाम सांगतो, त्यात गुलामांची वाटतील अशी नावं आहेत, श्रम करणाऱ्या त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस अशा बायका आहेत, रूफची आई आहे जिला तो माझीही आईच म्हणतो. ही मंडळी कोणी काढली ते कुठंच लिहिलेलं नाही.

पळून गेलेली माणसं

उत्तराचा पहिला धागा कृत्ये ८ मध्ये आहे. यरुशलेमात मंडळीतल्या स्तेफनाला दगडमार करून ठार केलं आणि मंडळीचा छळ सुरू झाला, तेव्हा सगळ्यांची पांगापांग झाली. तिथं एक शब्द आहे जो वाचताना आपण घाईघाईत ओलांडून जातो, "प्रेषितांखेरीज". प्रेषित यरुशलेमातच राहिले. बाहेर पडले ते बाकीचे, आणि ज्यांची पांगापांग झाली तेच सुवार्ता सांगत फिरले. त्यांना कोणी मिशनवर पाठवलं नव्हतं, घरदार सोडून जीव वाचवायला निघालेली माणसं होती ती, आणि नव्या गावात शेजारी "तुम्ही कुठले, इकडे कसे आलात" असं विचारतोच ना, त्याचं खरं उत्तर द्यायचं म्हटलं की येशूचं नाव घ्यावंच लागायचं.

तीन अध्यायांनंतर हीच माणसं अंत्युखियाला पोचलेली दिसतात. साम्राज्यातलं पहिल्या तीन-चारात मोडणारं शहर. तोपर्यंत ही गोष्ट यहुद्यांनी यहुद्यांना सांगायची अशीच बहुतेकांची समजूत होती, पण कुप्र बेटावरचे आणि कुरेनेचे (आजच्या लिबियातलं) काही जण तिथं ग्रीक लोकांशी बोलले. ख्रिस्ती इतिहासातलं एवढं मोठं वळण, आणि ज्यांनी ते घेतलं त्यांची नावं नाहीत, "काही जण" एवढंच. यरुशलेमच्या पुढाऱ्यांना नंतर कानावर आलं, मग त्यांनी बघायला बर्णबाला पाठवलं. म्हणजे काम आधी झालं आणि माणूस पाठवणं नंतर. "ख्रिस्ती" हे नावसुद्धा पहिल्यांदा याच अंत्युखियात पडलं.

विरजण कसं पोचतं

येशूचा एक छोटा दाखला आहे, एका बाईने तीन मापं पिठात खमीर लपवून ठेवलं आणि सगळं पीठ फुगलं. आपल्याकडे खमिरापेक्षा विरजण पटकन समजतं. दही लागलं नाही तर आपण शेजारी वाटी घेऊन जातो, चमचाभर विरजण आणतो, ते आपल्या दुधात मिसळतं आणि सकाळी आपल्याच भांड्यात आपलं दही. चार दिवसांनी तिसरी कोणी आपल्याकडे येते. पाचव्या घरातल्या दह्याचं मूळ विरजण कोणाचं होतं हे कोणाला सांगता येणार नाही, आणि कोणी ते लिहूनही ठेवत नाही. पण एक अट आहे, उंबऱ्यावर जाण्याइतकी ओळख हवी.

रोमन जगात अशी ओळख तीन ठिकाणी व्हायची, घर, दुकान आणि प्रवास. घर म्हणजे आपल्या चौकोनी कुटुंबासारखं नाही, त्यात गुलाम, मुक्त केलेले गुलाम, कामगार, आश्रित, सगळे आले. फिलिप्पैमध्ये लुदिया नावाची बाई होती, थुवतीराची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. तिने विश्वास ठेवला आणि तिच्यासकट तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला, लगेच तिने पाहुण्यांना आग्रह करून घरी उतरवून घेतलं. बघा, युरोपात पौलाने काढलेली, आपल्याला माहीत असलेली पहिली मंडळी एका कापडवालीच्या घरात जमली.

दुकानासाठी अक्विला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको बघा, मला या दोघांबद्दल फार माया आहे. अक्विला मूळचा पंतचा, म्हणजे आपल्या कोड्यातल्याच भागाचा. राहायचे रोममध्ये. इ. स. ४९ च्या सुमारास सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवलं तेव्हा हे करिंथला आले. धंदा राहुट्या शिवण्याचा. पौलही तोच धंदा शिकलेला, म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला आणि कामाला लागला. त्या काळची दुकानं म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेला एक गाळा, वर किंवा मागे राहायची जागा. राहुटी शिवणं म्हणजे जाड कापड नाहीतर चामडं मांडीवर घेऊन तासन्‌तास टाके घालणं, हातोड्याचा ठणठणाट नाही, भट्टीचा धूर नाही, त्यामुळे हात चालू आणि तोंडही चालू. गिऱ्हाईक थांबलेलं असतं, शेजारचा दुकानदार येऊन बसतो. आपल्याकडे शिंप्याच्या दुकानात गावातल्या सगळ्या गोष्टी कळतात तशातलंच. इफिसमध्ये लोक पौलाचे रुमाल आणि फडकी आजाऱ्यांसाठी घेऊन जायचे असं लिहिलंय, ते शब्द मुळात घाम पुसायचं फडकं आणि कामाच्या वेळी कमरेला बांधायचं फडकं असे आहेत. म्हणजे एवढा मोठा प्रेषित लोकांना भेटत होता तो घामेजलेल्या कामाच्या कपड्यात.

हे जोडपं करिंथहून इफिसला गेलं, मग परत रोमला, आणि इफिसला असो की रोमला, त्यांच्या घरी मंडळी जमत होती. त्यांना कोणी पगार देत नव्हतं, धंद्यासाठी गाव बदललं की सुवार्ता सामानाबरोबर जायची.

प्रवास सोपा होता का? त्या काळाच्या मानाने हो. पक्के रोमन रस्ते, समुद्रावर चाच्यांचा त्रास कमी, आणि सीरियापासून रोमपर्यंत बाजारात चालणारी साधी ग्रीक भाषा. शिवाय गावोगावी यहुद्यांची सभास्थानं, जिथं नवीन आलेल्याला बसायला जागा मिळायची. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टला, यरुशलेमात जे यात्रेकरू जमले होते त्यांच्या यादीत पंतचे आहेत आणि रोमचेही आहेत. ते सणाला आले होते, सण झाल्यावर घरी गेले. त्यातल्या कोणी घरी जाऊन काय सांगितलं याची नोंद नाही, पण बिथुनियाच्या कोड्याचं सगळ्यात साधं उत्तर मला तेच वाटतं.

"पण हे सगळं तुमच्याच पुस्तकात लिहिलंय ना?"

रास्त शंका आहे. म्हणून विरोधकांचं ऐकू. प्लिनीचं वर आलंच, तो तर या लोकांना शिक्षा देत होता. दुसरा सेल्सस, साधारण १७७-१७८ च्या सुमाराचा, ख्रिस्ती लोकांचा कडवा टीकाकार. त्याचं पुस्तक आज मिळत नाही, पण सत्तरेक वर्षांनी ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने त्याला उत्तर देताना त्याचे उताऱ्यामागून उतारे उतरवून घेतले म्हणून ते वाचले. सेल्ससची तक्रार अशी की लोकांच्या घरात लोकर पिंजणारे, चांभार, धोबी, अगदी अडाणी माणसं, मालक आणि वडीलधारे समोर असताना तोंड उघडत नाहीत, पण पोरं आणि बायका एकट्या सापडल्या की सांगतात की बापाचं आणि मास्तरांचं ऐकू नका, बायकांच्या दालनात या, चांभाराच्या नाहीतर धोब्याच्या दुकानात या, तिथं खरं काय ते कळेल.

यात तिरस्कार ठासून भरलाय आणि अतिशयोक्तीही असणार. पण आळ घ्यायचा तर खऱ्यासारखा दिसेल असाच घेतात. तो असं म्हणत नाही की यांचे पगारी प्रचारक चौकाचौकात भाषणं देतात. त्याला दिसतं ते लोकरवाला, चांभार, धोबी. ओरिजेनसुद्धा हे खोटं आहे म्हणत नाही, तो म्हणतो ते शिकवतात ते चांगलं शिकवतात. आणि खरं सांगायचं तर सेल्ससच्या रागातला एक भाग मला समजतो, आपल्या नकळत कोणी आपल्या मुलांशी देवाधर्माचं बोलत असेल तर कुठल्याही आईबापाला ते झोंबेल. त्या काळी घरातल्या सगळ्यांचे देव घरधन्याचेच असायचे, त्यामुळे एका गुलामाने किंवा बायकोने वेगळा देव मानणं हीच केवढी मोठी गोष्ट होती.

अजून एक साक्ष कोर्टातली. साधारण १६५ साली रोममध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ आणि त्याच्याबरोबरच्या काही जणांवर खटला झाला. न्यायाधीश रुस्टिकसला म्होरक्या हवा होता, म्हणून त्याने बाकीच्यांना विचारलं की जस्टिननेच तुम्हाला ख्रिस्ती केलं का. त्यात एव्हेल्पिस्तस नावाचा सम्राटाच्या घरचा गुलाम होता. तो म्हणाला की जस्टिनचं मी आवडीने ऐकायचो, पण ख्रिस्ती व्हायला आईवडिलांकडूनच शिकलो. कुठं आहेत ते? कप्पदुकियात, म्हणजे आजच्या मध्य तुर्कस्तानात. कुठं कप्पदुकिया आणि कुठं रोम! त्या सगळ्यांना मृत्युदंड झाला.

जस्टिन स्वतः कसा ख्रिस्ती झाला तेही त्याने लिहून ठेवलंय. समुद्राकाठी एकटा फिरत असताना एक म्हातारा भेटला, दोघांचं लांब बोलणं झालं, म्हातारा निघून गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. नाव त्याने सांगितलं नाही, यानेही विचारलं नसावं. हे वाचताना आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण येतेच. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, पुढे १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

उघड प्रचार का नव्हता?

आजची सभा, लाऊडस्पीकर, पत्रकं हे सगळं डोक्यातून काढा. ६४ साली रोमला मोठी आग लागली आणि नीरोने तिचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं, तिथून पुढे ख्रिस्ती असणं हाच गुन्हा ठरू शकत होता. रोज पकडापकडी नव्हती, ट्राजननेही प्लिनीला उलट लिहिलं की शोधून काढू नकोस, निनावी तक्रारी घेऊ नकोस, पण कोणी आणून उभा केला आणि तो मागे हटला नाही तर शिक्षा. टांगती तलवार म्हणतात तशी. त्यामुळे उपासना बंद दाराआड. बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, थांबता यायचं नाही. जुन्या एका नियमावलीप्रमाणे नवीन माणूस शिकायला आला की आधी त्याला घेऊन आलेल्यांना विचारायचे, हा कसा आहे, काय धंदा करतो, ऐकायच्या लायकीचा आहे का. मग तीन वर्षं शिकवण. थोडक्यात, ओळखीशिवाय आत येणंच शक्य नव्हतं.

बाहेरच्यांची थट्टा कशी असायची त्याचा एक नमुना रोममध्ये पॅलाटाईन टेकडीवर १८५७ मध्ये सापडला. राजवाड्याच्या आवारातल्या एका खोलीच्या गिलाव्यावर कोणीतरी टोकदार वस्तूने चित्र खरवडलंय. क्रुसावर एक माणूस, त्याला डोकं गाढवाचं, खाली एक मुलगा हात वर करून उभा, आणि वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलंय की अलेक्सामेनोस देवाला भजतो. साधारण इ. स. २०० च्या आसपासचं मानतात. म्हणजे बरोबरच्या कोणीतरी त्याला चिडवायला भिंतीवर हे काढलं. शेजारच्या खोलीत वेगळ्या हातचं लिखाण सापडलं, "अलेक्सामेनोस विश्वासू". ते त्याने लिहिलं, मित्राने लिहिलं की तेही चिडवायलाच, सांगता येत नाही. पण एक नक्की, त्याच्या बरोबरच्यांना माहीत होतं की हा ख्रिस्ती आहे.

"सामान्य माणसांनी सांगितलं तर चुका होणार नाहीत का?"

झाल्याच. अपुल्लो नावाचा आलेक्सांद्रियाचा उत्तम वक्ता इफिसला आला, मोठ्या आवेशाने शिकवायचा पण त्याला येशूच्या आधी आलेल्या योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचं माहीतच नव्हतं. प्रिस्किल्ला आणि अक्विलाने चारचौघांत त्याला खाली पाडलं नाही, आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. विद्वानाला राहुट्या शिवणाऱ्या जोडप्याने शिकवलं, आणि नवऱ्याआधी बायकोचं नाव. नव्या करारात हे जोडपं सहा वेळा येतं त्यात चार वेळा प्रिस्किल्ला आधी आहे, त्या काळाच्या रीतीला सोडून.

मार्कियोनचं मात्र असं समजावून भागलं नाही. तो पंतमधल्या सिनोप बंदराचा, जहाजांचा मालक. रोमला आला, मंडळीला दोन लाख सेस्तरस एवढी मोठी देणगी दिली. पण जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा असं शिकवायला लागला. १४४ साली मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि पैसे परत केले. त्याची शिकवण तरीही दूरवर पसरली, त्याच रस्त्यांनी, त्याच बंदरांतून. दुधात चुकीचं विरजण पडलं तर तेही पसरतंच. बिशप, विश्वासाचे ठराव आणि पुढे निकियासारख्या परिषदा यांची गरज इथून तयार झाली, म्हणून मी बिशपांना कमी लेखत नाही. पण निस्तरायला ते आले, लावायला दुसरेच होते.

"गरिबांना पैशाचं आमिष दाखवलं असेल"

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, म्हणून सरळ बोलू. त्या तीनशे वर्षांत मंडळीच्या हातात सत्ता नव्हती, सैन्य नव्हतं, ख्रिस्ती होऊन माणसाला मिळायचा तो धोका. मदत मात्र होती, विधवांना, अनाथांना, कैद्यांना, आणि तिचा गैरफायदा घेणारेही होते, नाहीतर नियम कशाला केले असते? डिडाखे नावाची एक फार जुनी पुस्तिका १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका हस्तलिखितात सापडली, पहिल्या-दुसऱ्या शतकातली. त्यात फिरत्या प्रचारकांबद्दल लिहिलंय की आला तर स्वागत करा, एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन दिवस, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. साधा प्रवासी असेल आणि राहायचं म्हणाला तर काम करून खाऊ दे, काम करायची तयारी नसेल तर तो ख्रिस्ताचा धंदा करणारा आहे. मला वाटतं हे पान आजच्या प्रत्येक मंडळीत मोठ्याने वाचून दाखवावं.

तिसऱ्या शतकाच्या मधोमध मोठी साथ आली. आलेक्सांद्रियाचा बिशप दियोनिसियस एका पत्रात लिहितो की आपले लोक आजाऱ्यांजवळ राहिले, त्यांची सेवा केली आणि त्यांच्याबरोबर मेले, तर इतर लोक आजारी पडलेल्या आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकत होते. तो बिशप आहे, आपल्यांची बाजू घेणारच, दुसऱ्या बाजूलाही चांगली माणसं असणार. पण औषध नसलेल्या साथीत वेळेवर पाणी, पेज आणि अंग पुसून द्यायला माणूस मिळाला तरी कित्येक जण वाचतात. कोरोनात दाराशी डबा ठेवून गेलेल्या शेजाऱ्याला आपण विसरू शकतो का? त्या माणसाच्या देवाबद्दल ऐकायची इच्छा होणं याला आमिष म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

"शेवटी कॉन्स्टंटाईनमुळेच झालं ना सगळं?"

कॉन्स्टंटाईनने ३१३ मध्ये मोकळीक दिली, पैसा दिला, इमारती दिल्या, आणि पुढे ३८० मध्ये हा साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. त्यानंतर जबरदस्तीचे प्रसंगही आले आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्याच्या आधीचा आकडा बघा. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी एक हिशोब मांडला, हा अंदाज आहे, जनगणना नव्हे. इ. स. ४० मध्ये हजार ख्रिस्ती धरा आणि दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ. १०० साली होतात साडेसात हजार. २०० साली दोन लाख अठरा हजाराच्या आसपास. ३०० साली साठ लाखांच्या वर, म्हणजे सहा कोटींच्या साम्राज्यात दहातला एक. चक्रवाढ व्याजाची एफडी असते तसं, पहिली दीडशे वर्षं पासबुक बघून निराश व्हाल आणि नंतर डोळे विस्फारतील. आणि ४० टक्के म्हणजे काय, तर शंभर जणांच्या मंडळीत दहा वर्षांत चाळीस नवीन, त्यातही काही घरात जन्मलेली मुलं. त्याला चमत्कारिक वक्ते लागत नाहीत, दहा वर्षांत निम्म्याहून कमी लोकांनी एकेका ओळखीच्या माणसाला आणलं तरी पुरतं.

सीरियात युफ्रेटिस नदीवर दुरा-युरोपस नावाच्या गावात तसं एक घर सापडलंय. बाहेरून शेजारच्या घरांसारखंच. २४० च्या सुमारास आतली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली, साठ-सत्तर माणसं मावतील अशी, आणि एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतीवर मेंढपाळ आणि कबरेकडे निघालेल्या बायका रंगवलेल्या. आपल्याकडे हॉल वाढवायला मधली भिंत काढतात तसंच.

आणि आपलं बिथुनिया? फेब्रुवारी ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने मोठा छळ सुरू केला तो बिथुनियाच्या राजधानीतूनच, निकोमेडियातून. तिथलं चर्च उंचावर होतं, सम्राटाच्या राजवाड्यातून दिसायचं, सैनिक पाठवून ते एका दिवसात जमीनदोस्त केलं. कॉन्स्टंटाईनच्या दहा वर्षं आधी, सम्राटाच्या डोळ्यासमोर, उघडपणे उभं असलेलं चर्च. ते काही राजाने बांधून दिलेलं नव्हतं.

मग पौल आणि पेत्र कशाला हवेत?

हवेतच. पौलाची पत्रं नसती तर काय सांगायचं हेच ठरलं नसतं, आणि इफिस, करिंथसारख्या शहरांत त्याने जो पाया घातला तो दुसऱ्या कोणाला जमला नसता. फक्त त्यालाही हे काम एकट्याचं वाटत नव्हतं. रोमकरांस पत्रात तो किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, बहुतेक अभ्यासक मानतात की तीच ते पत्र घेऊन रोमला गेली. पुढे तो स्वतः बेड्या घालून रोमला निघाला तेव्हा रोमचे बंधू त्याला घ्यायला अप्पियाच्या पेठेपर्यंत चालत आले, साठेक किलोमीटर. त्यांना बघून त्याने देवाची स्तुती केली आणि त्याला धीर आला असं लिहिलंय. रोममध्ये ज्यांना त्याने सुवार्ता सांगितली नव्हती, त्यांनी त्याला धीर दिला.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला प्लिनीच्या पत्रातला अजून एक भाग सांगितला. ख्रिस्ती लोक नेमकं करतात तरी काय हे काढून घ्यायला प्लिनीने दोन गुलाम बायकांना पकडून त्यांचा छळ केला. मंडळीत त्यांना सेविका म्हणत, हा शब्द त्याने मुद्दाम लिहिलाय. एकंदर चौकशीतून त्याला कळलं ते एवढंच, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर एकत्र जेवतात, साधंच जेवण. त्या दोघींना छळूनही त्याला एका विकृत, अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काही सापडलं नाही.

"त्यांची नावं काय होती?" तिने विचारलं. चौकशीत नाव तर पहिल्यांदा विचारतात, त्यामुळे प्लिनीला ती कळली असणार. पत्रात त्याने लिहिलेली नाहीत. तिने नकाशाजवळ जाऊन निकियाच्या ठिपक्याशेजारी पेन्सिलने दोन छोटे ठिपके काढले. ते अजून तिथंच आहेत.